महाबळेश्वरहून खाली, पाण्याच्या मागे

ठाण्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवते, २२ वर्षं झाली. फळ्यावर महाराष्ट्र काढायचा, सह्याद्रीची रांग ओढायची, महाबळेश्वरपाशी खडू टेकवायचा आणि तिथून पाच रेघा सोडायच्या: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. मुलं वहीत उतरवून घेतात, पेपरात दोन मार्कांना येतं. कोयनेची रेघ ओढताना मात्र माझा हात दर वर्षी जरा सावकाश होतो. त्या रेघेच्या वरच्या टोकाला, महाबळेश्वरच्या डोंगराखाली, माझ्या वडिलांचं, आमच्या अण्णांचं, गाव होतं. १९६१-६२ साली कोयनेचा जलाशय भरायला लागला तेव्हा अण्णा नऊ-दहा वर्षांचे होते.

अण्णा आता ७३ वर्षांचे आहेत. दिवाळीनंतर एका रात्री जेवता जेवता म्हणाले, "एकदा वरनं खाली सगळं बघायचंय." वरनं म्हणजे महाबळेश्वरावरून, हे कळलं. खाली म्हणजे कुठपर्यंत, ते मी विचारलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकली, लेकाची परीक्षा संपली होती, त्याला गाडी चालवायला बसवलं आणि निघालो.

महाबळेश्वरला मी याआधी तीनदा गेले होते. लग्न झाल्यावर, मग लेक लहान असताना आणि एकदा शाळेची सहल घेऊन. तिन्ही वेळा तेच. या पॉइंटवरून त्या पॉइंटला, कठड्याला टेकून फोटो, क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी, वेण्णा लेकवर बोट, भाजलेलं कणीस आणि घर. पॉइंटवरून खाली जी निळीहिरवी खोरी दिसतात त्यांत माणसं राहतात, देवळं आहेत, पूल आहेत, बाजार भरतात, हे तिन्ही वेळा नुसतं वरून पाहिलं. या खेपेला ठरवलं की रोज एक नदी धरायची, तिच्याबरोबर खाली उतरायचं आणि संध्याकाळी मुक्कामाला वर यायचं. नकाशा पसरून बसल्यावर लक्षात आलं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं या भागात जे काही आहे, ते जवळजवळ सगळं या नद्यांच्याच काठाला आहे.

मुक्काम भिलारला केला. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव. २०१७ च्या मे महिन्यात ते 'पुस्तकांचं गाव' झालं. घरांनी आपापली एखादी खोली, ओसरी पुस्तकांना दिली. २५ जागांपासून सुरुवात झाली. एका ठिकाणी कथा, दुसरीकडे इतिहास, तिसरीकडे मुलांची पुस्तकं. आत जायचं, कपाटातून पुस्तक काढायचं, बसून वाचायचं. पैसे द्यावे लागत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी अण्णा संतसाहित्याच्या घरात शिरले ते दिवे लागले तरी आले नाहीत. बघायला गेले तर ओसरीवर खुर्चीत बसून मांडीवर जाडजूड ग्रंथ घेतलेला, आणि त्या घरच्या आजींनी त्यांच्या पायांवर न विचारता घोंगडी टाकलेली.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या ताईंनी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला शेतात नेलं. लांबच लांब गादीवाफे, वर मल्चिंग पेपर, त्याच्या भोकांतून वर आलेली झाडं आणि पेपरावर टेकलेली लाल फळं. मी एक फळ धरून ओढलं तर त्यांनी माझा हातच धरला. "ओढायचं न्हाई. देठाला नख लावायचं." फळाला बोटांचा दाब बसला की दिसायला काही दिसत नाही, पण मुंबईला पोचेपर्यंत बरोबर त्याच जागी ते मऊ पडतं. म्हणून देठ दोन बोटांत धरून नखाने खुडायचा आणि फळ तळहातावर अलगद घ्यायचं. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख हिरवं झालेलं होतं. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी वर्गात सांगत आलेय. हे नख मात्र कधी सांगितलं नव्हतं. आता सांगीन.

पहिला दिवस उगमाचा. बाजारपेठेपासून सहाएक किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं महाबळेश्वर. सकाळी साडेसातला पोचलो. पंचगंगेच्या देवळात भिंतीतून पाण्याच्या धारा येतात आणि एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात. पाच नद्या तर आहेतच, शिवाय भागीरथी १२ वर्षांनी आणि सरस्वती ६० वर्षांनी इथे प्रकटतात अशी श्रद्धा आहे. अण्णांनी लेकाला नद्यांची गोष्ट सांगितली. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, सावित्री यायच्या आतच गायत्रीला शेजारी बसवून मुहूर्त साधला, सावित्री आली ती रागाने लाल. तिने शाप दिला आणि देवांचं पाणी झालं. विष्णूची कृष्णा, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. कोयनेचं पुराणातलं नाव ककुद्मती. सावित्रीचंही पाणी झालं, पण ती या तिघांबरोबर पूर्वेला गेली नाही. कडा उतरून पश्चिमेला निघून गेली.

मी लेकाला दुसरी गोष्ट सांगितली, माझ्या विषयातली. महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभ्या दगडाचं जाड टोपण आहे आणि त्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र असतो. वर्षाकाठी इथे सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभा तो पितो, खालचा कातळ त्याला आत घेत नाही, आणि जिथे दोघांची गाठ पडते तिथून झरा फुटतो. म्हणून पाऊस संपून दोन महिने झाले तरी डिसेंबरात गोमुखातून धार पडत होती. अण्णांनी दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि म्हणाले, "रुसलेली बाई पश्चिमेला गेली, हे पटतं मला. सावित्रीचा कडा बघ तू." त्यांचं खरंच आहे. कृष्णेला समुद्र गाठायला १,४०० किलोमीटर वाहावं लागतं, बंगालच्या उपसागरापर्यंत. सावित्री शंभरेक किलोमीटरमध्ये बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगराच्या दोन बाजू.

याच क्षेत्री शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. देवळात गर्दी होतीच. पण तिथून दहा मिनिटं पायी गेलं की कृष्णाबाईचं देऊळ आहे, तिथे आम्ही तिघंच होतो. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, पडझड झालेलं जुनं देऊळ. आत शिवलिंग, बाहेर गोमुख आणि छोटं कुंड, आणि समोर एकदम सगळं मोकळं: खाली कृष्णेचं खोरं पसरलेलं. एवढ्याशा धारेचं पुढे काय होतं ते इथे उभं राहून दिसतं. महाबळेश्वरात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हे सांगीन. चप्पल बाहेर काढा, दगड निसरडे आहेत, जपून.

पॉइंटांना गेलोच नाही असं नाही. ऑर्थर सीटला गेलो, कारण सावित्रीचं खोरं तिथून दिसतं. मराठी नाव मढी महाल. ऑर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि मूल सावित्रीच्या पाण्यात बुडालं आणि तो इथे बसून त्या नदीकडे बघत राहायचा, असं सांगतात. ती गोष्ट ऐकून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आजूबाजूला मात्र वारा वर येतो म्हणून बाटल्यांची झाकणं फेकून ती परत येतात का ते बघणं चाललं होतं. सगळी थोडीच परत येतात? खालच्या कपारीत झाकणांचा रंगीत थर साचलाय. मुलांना घेऊन जाल तर पान किंवा वाळकी काडी द्या हातात, वाऱ्याला तेवढंच पुरतं.

दुसरा दिवस कृष्णेचा, आणि तो दिवस पुरला नाही. पाचगणीवरून पसरणी घाटाने वाईला उतरलो. घाटातून डावीकडे धोमचं पाणी दिसत राहतं. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. अण्णांनी गाडी हळू करायला लावली आणि बसल्या जागी हात जोडले. गिरणगावात त्यांचे कार्यक्रम अण्णांनी लहानपणी रस्त्यावर बसून ऐकलेत.

वाईत ढोल्या गणपती. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, ऐन घाटावर, नदीच्या अंगाला. मूर्ती एवढी अवाढव्य की गाभारा तिला लहान पडल्यासारखा वाटतो. पण तुम्ही दर्शन झाल्यावर लगेच परत फिरू नका, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती बांधलीय, टोक प्रवाहाच्या तोंडाला. पूर येतो तेव्हा पाणी भिंतीवर आदळत नाही, टोकाला फाटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. कृष्णेचे इतके पूर अंगावर घेऊन देऊळ उभं आहे ते त्या माशामुळे. मी भिंतीच्या कडेवर हात ठेवून उभी होते, तेवढ्यात लेक पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेला आणि खालून ओरडला, "आई, इथून बघ, खरंच मासा आहे!"

वाई म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. मराठी विश्वकोशाचं काम या गावात झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना. डी.एड.च्या वर्षी मी त्याचे खंड ग्रंथालयात बसून उतरवून काढलेत. विश्वकोशाच्या कार्यालयाच्या बाहेर नुसती दोन मिनिटं उभी राहिले.

तिथून मेणवली तीनच किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, एकामागे एक चौक, लाकडी खांब, रंग उडालेली भित्तिचित्रं. वाड्याच्या मागच्या दाराने खाली उतरलं की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, आणि घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं. पडद्यावर हा घाट तुम्ही पाहिलेला असतो, म्हणून ओळखीचा वाटतो. पण तिथे खरी बघायची ती घंटा. मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी घुमटीत टांगलेली भलीमोठी घंटा, आणि तिच्या अंगावर बाळाला कडेवर घेतलेली बाई. मरियम आणि येशू. शेजारी साल ओतलंय, १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि ही मेणवलीची. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता.

अण्णा घंटेसमोर बराच वेळ उभे होते. मग वाकून, डोळे बारीक करून त्या बाईच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. चेहरा झिजून गुळगुळीत झालाय. शेजारी उभ्या असलेल्या गावच्या एका बाई म्हणाल्या, "सगळेच हात लावत्यात. हळदीकुंकू वाहत्यात कधीमधी. आई हाय, म्हनून." मी खाली वाकून घंटेच्या आतून कान लावला. बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज आतून घुमून येत होता.

धोमला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. नृसिंहाच्या आणि महादेवाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे, त्यात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव पोहतंय असं दिसतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी घोटाभर होतं, तरी कल्पना येत होती. त्या दिवशी दुपारी वाईत बाजाराजवळ पिठलं-भाकरी आणि खर्डा खाल्ला, आणि हळदीचं एक पाकीट घेतलं. वाईला गेलं आणि हळद आणली नाही तर आई घरात घेत नाही.

वेण्णेचं थोडक्यात सांगते, कारण तिच्याशी आमचं फारसं जमलं नाही. वेण्णा तलाव साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधला, गावाला पाणी मिळावं म्हणून. शनिवारी संध्याकाळी तलावापासून बाजारपेठेपर्यंत आम्ही दीड तास गाडीतच होतो. लिंगमळ्याच्या धबधब्याला डिसेंबरात पाणी बेताचं असतं, पण जंगल छान आहे आणि शेकरू दिसलं, झाडाच्या फांदीवर शेपूट सोडून बसलेलं. पुढे वेण्णा मेढ्यावरून साताऱ्याकडे जाते आणि संगम माहुलीला कृष्णेला भेटते. शनिवार-रविवार असाल तर सकाळी लवकर डोंगर उतरून खाली जा आणि अंधार पडल्यावर वर या. गर्दी सगळी वरच असते. आणि गाडी नसेल तर एसटीच्या महाबळेश्वर दर्शन आणि प्रतापगड दर्शनाच्या गाड्या सुटतात, आमची सहल त्यांनीच गेली होती.

तिसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने उतरलो. हा घाट पुढे पोलादपूरला जातो. वळणावळणाला कड्यातून पाणी झिरपत असतं, दरड कोसळून नवीन बांधलेले कठडे मधे मधे दिसतात, लेकाला मी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. प्रतापगड १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधून झाला, आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. एवढं सगळ्यांना पाठ असतं. गडावर उभं राहून कळतं ते वेगळं. जावळीचं खोरं. चहूबाजूंनी उभे डोंगर, दाट झाडी, आणि घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटा या गडाच्या नजरेखालून जातात. एवढी मोठी फौज इथे आणणं म्हणजे काय, हे मी आजवर फळ्यावर बाण काढून शिकवत होते. लेक बुरुजावर उभा राहून एवढंच म्हणाला, "हत्ती कुठून आणले असतील गं इथे?"

अण्णांचे गुडघे बालेकिल्ल्यापर्यंत जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. पायऱ्यांवर चार ठिकाणी बसले, पण भवानीमातेचं दर्शन घेऊन वर आलेच. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर त्यांनी टोपी काढली. या पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंनी १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये केलं, आणि त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं काळे झेंडे घेऊन इथे आली होती. माझे आजोबा त्यांत होते. मशीद बंदरला पोती वाहायचे, जावळी-पाटणची अशी हजारो माणसं तेव्हा मुंबईत पाठीवर ओझी वाहत होती. आजोबा सांगायचे, महाराजांचा पुतळा बघायचा होता आणि निषेधही करायचा होता, म्हणून एका हातात झेंडा धरला आणि दुसऱ्याने नमस्कार केला. अण्णांनी ती गोष्ट नातवाला तिथेच, त्याच पुतळ्यासमोर सांगितली.

गड उतरून पारला गेलो. गडावर येणारी शंभरातली पाच माणसंही इकडे वळत नसतील. पार गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे, आणि जवळच कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल. कमानींवर उभा आहे, आणि अजून वाहनं जातात त्याच्यावरून. आमचीही गेली. मग गाडी बाजूला लावून आम्ही काठाने खाली उतरलो. कमानीचे दगड इतके नेटके बसलेत की सांध्यात नख जाईना. खांबांची प्रवाहाकडची बाजू निमुळती. "आई, पुन्हा मासा," लेक म्हणाला. वाईच्या देवळाच्या शंभर वर्षं आधी कुणीतरी हीच युक्ती इथे केली होती.

अण्णा पुलाच्या मध्यावर जाऊन उभे होते. आजीचं माहेर या बाजूचं. तिची वरात या पुलावरून खाली खोऱ्यात गेली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. "बैलगाडी पुलावर आल्यावर तिनं खाली सुपारी टाकली हुती, सांगायची. नदी सासरपतुर सोबत येती म्हनून." अण्णांची भाषा बदलायला लागली होती. मुंबईत साठ वर्षं 'होती' म्हणणारा माणूस त्या पुलावर 'हुती' म्हणाला.

चौथा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. महाबळेश्वरहून तापोळ्याचा रस्ता पंचवीसएक किलोमीटरचा, पण सगळा वळणांचा. आधी जंगल, मग एका वळणावर झाडी सरते आणि खाली शिवसागर दिसतो. डोंगरांच्या प्रत्येक घडीत शिरलेलं निळं पाणी, जिकडे बघावं तिकडे त्याचे फाटे. तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतात. त्या पाट्या जागोजागी लावल्यात. अण्णांनी पाटी मोठ्याने वाचली आणि खिडकीची काच खाली केली.

वर्गात मी हे असं शिकवते. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच, जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी. नदी मुळात दक्षिणेला वाहत जाऊन मग पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण धरणाचं बरंचसं पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला नेलंय. ते पोफळीकडे खाली पडतं, त्यावर वीज होते आणि पाणी पुढे वाशिष्ठीतून चिपळूणच्या बाजूने अरबी समुद्राला जातं. पूर्वेला निघालेली नदी माणसांनी पश्चिमेला वळवली. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. ही वीज मुंबईला गेली, आणि गाव सोडून आमची माणसंही मुंबईलाच गेली. आजोबांच्या चाळीतल्या खोलीत पहिला दिवा लागला तेव्हा आजी रात्रभर तो विझवू देईना, असं अण्णा सांगतात. जमिनीच्या बदल्यात ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, कागद हातात यायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर आजोबांची पाठ पोत्यांनी वाकली होती. गावाचं नाव मात्र सगळ्यांनी मिळून तसंच ठेवलं. नव्या गावठाणाच्या पाटीवर तेच आहे.

तापोळ्याच्या धक्क्यावर लाँच मिळतात. त्रिवेणी संगम, दत्ताचं देऊळ, पलीकडे वासोट्याला जाणारे ट्रेकर, अशी सगळी फेरी ठरलेली असते, दर फलकावर लिहिलेले असतात. शेजारी तराफ्यावर एक टेम्पो आणि दोन मोटारसायकली चढत होत्या. पलीकडच्या गावांचं सगळं जाणंयेणं तराफ्यावर. लाँच चालवणारा पोरगा लेकाच्याच वयाचा. कुठला पॉइंट घेऊ, म्हणाला. अण्णांनी गावाचं नाव सांगितलं.

त्याने एकदा अण्णांकडे बघितलं आणि काही न विचारता लाँच फिरवली.

डिसेंबर असल्याने पाणी काठोकाठ होतं. मे महिन्यात ते उतरतं तेव्हा गाळपेरीची जमीन वर येते, लोक त्यात पिकं घेतात, आणि एखाद्या वर्षी आमच्या देवळाचा चौथराही दिसतो असं चुलते सांगतात. आत्ता काही दिसणार नाही हे मला माहीत होतं. पण अण्णा पाण्याकडे बघतच नव्हते. ते डोंगरांकडे बघत होते. डावीकडची एक सोंड, उजवीकडची खिंड, मागे महाबळेश्वरच्या पठाराची सरळ कड. त्यांचा हात हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकत होता. "अजून पुढं. अजून. ती सोंड खिंडीच्या म्होरं येऊ दे." मग म्हणाले, "हितं."

पोराने इंजिन बंद केलं. आम्ही सांगितलं नव्हतं.

लाँच थोडी गोल फिरली आणि थांबली. अण्णांनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. ही चावडी. हे आपलं परसू, फणस. तिकडं नदीची उतरण, तिथे आजी धुणं धुवायची. शाळा एकाच खोलीची, तिच्या मागे आंबा. आणि हे खाली, बरोबर खाली, भैरोबाचं देऊळ. पाणी हिरवट काळं होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं.

मग ते वाकले. मला वाटलं पाण्याला हात लावतायत. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि बाकड्याखाली सरकवल्या.

लेकाने माझ्याकडे बघितलं. त्याने बुटाच्या नाड्या सोडल्या. मीही चपला काढल्या. तो लाँचवाला पोरगा अनवाणीच होता.

लाँचचा पत्रा थंडगार होता. परत निघाल्यावर अण्णा मागे बघत बसले होते, सोंड खिंडीच्या मागे जाईपर्यंत. धक्का जवळ आला, दोर टाकला, लेकाने हात दिला, आणि पाय जमिनीला लागल्यावरच त्यांनी चपला मागून घेतल्या.